वाद नागपूरच्या पट्ट्यात, वस्ती कोकणात : मराठी ज्यूंची पार्श्वभूमी

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलवर हल्ला केला, त्यानंतरचे काही महिने नागपुरात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही बसा, विषय इस्राएल आणि गाझाचाच निघायचा. माणसं तावातावाने बोलत, बाजू घेत, एकमेकांवर चिडत. या सगळ्या मराठी भांडणात एक गोष्ट मात्र क्वचितच कुणाच्या तोंडून आली. ज्या भाषेत आपण ज्यूंबद्दल भांडतो आहोत, तीच भाषा घरात बोलणारा, पोह्याचा नैवेद्य दाखवणारा एक ज्यू समाज महाराष्ट्रात शतकानुशतकं राहतो आहे. नागपूरकरांना तो ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. ही पार्श्वभूमी मांडायला घेतली ती त्यासाठीच.

या समाजाचं नाव बेने इस्राएल. परंपरा अशी सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच मूठमाती मिळाली. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विसरली, आठवणीत राहिली ती देव एकच आहे असं सांगणारी ‘शमा’ची प्रार्थना, मुलांची सुंता आणि शनिवारचा विसावा. पोटापाण्यासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. सोमवारी, शंकराच्या नंदीला मान म्हणून, बैल न जुंपणारे हिंदू तेली होते, ते ‘सोमवार तेली’. गावाच्या लेखी फरक वाराचा होता, बाकी तेल तेच आणि गिऱ्हाईकही तेच. विदर्भात तेली समाज मोठा आहे, घाणा आणि ढेप हे शब्द इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. कोकणातल्या त्या नावामागचं साधेपण नागपूरच्या वाचकाला म्हणूनच चटकन कळावं.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक बाहेरचा ज्यू त्या गावांत आला. हे आपलेच लोक आहेत का, हे पारखायला त्याने बायकांपुढे मासे ठेवले, अशी आठवण समाजात सांगितली जाते. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. पोथी गेली होती, चूल मात्र नियम विसरली नव्हती. राहाबीने काही तरुणांना धर्मकृत्यं शिकवली. त्यांना लोक म्हणू लागले ‘काजी’. ज्यू समाजाच्या धर्मप्रमुखाला मुसलमान शेजाऱ्यांचा शब्द आणि आडनावं मात्र गावावरून पडलेली, अस्सल कोकणी : पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. हिंदी चित्रपटांतला टकला, प्रेमळ चेहऱ्याचा डेव्हिड हा मुळात डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

शब्दांची ही देवाणघेवाण प्रार्थनास्थळांच्या नावांतही उतरली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. समाजात त्याला ‘मशीद’ म्हणत. जवळच्या मस्जिद रेल्वे स्टेशनाला नाव या जुन्या मशिदीवरून पडलं, असं बेने इस्राएल लोक सांगत आले आहेत. तिकडे पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, १८६७ च्या सुमारास पुरं झालेलं लाल विटांचं सिनेगॉग पुणेकरांच्या तोंडी झालं ‘लाल देऊळ’. एकाच धर्माची दोन प्रार्थनाघरं, एक मशीद, एक देऊळ, आणि त्यावरून कुणाचं कुणाशी बिनसलं नाही.

पोह्यांच्या नैवेद्याचं, म्हणजे मलिद्याचं, ताट जवळून पाहिलं की हे आणखी उमगतं. धुऊन भिजवलेले पोहे, त्यात गूळ किंवा साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, सुकामेवा. कडेने फळं मांडलेली, वर गुलाबाची एखादी पाकळी. मंगलकार्याच्या आधी, नवस फेडताना किंवा घरात बरं झालेल्या माणसासाठी हे ताट मधे ठेवून एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, स्तवन गातात. मग पोहे आणि फळं सगळ्यांना वाटतात. मलिदा हा शब्द मुळात फारसी, कुस्करणे या अर्थाचा. विदर्भातल्या खेड्यांत पिराला चढवायचा मलिदा वेगळा असतो. पोळी कुस्करून त्यात गूळ आणि तूप घालतात, आणि तो करणाऱ्यांत हिंदू घरंही असतात. ताजुद्दीन बाबांना शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवणारे राजे रघुजीराव भोसले हिंदूच होते, आणि ताजबागेत आजही सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी राहतात. असं शहर या ताटाला परकं मानेल असं मला वाटत नाही.

पण नागपुरात हे ताट फारसं आलं नाही, त्याला कारणं आहेत. एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएल तरुण घाणा सोडून फौजेत, रेल्वेत, टपालात, दवाखान्यांत गेले. नोकरी बदलीची, त्यामुळे कुटुंब एखाद्या शहरी येई, काही वर्षं राही आणि निवृत्तीनंतर मुंबई-ठाण्याकडे परते. त्यात नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी, मुंबई इलाख्याच्या बाहेर. आणि ज्यू धर्माची एक अट फार कठीण आहे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा ‘मिन्यान’ लागतो. दहा जमले नाहीत तर मृतासाठीचा ‘कद्दिश’सुद्धा म्हणता येत नाही. दोन-तीन घरांच्या गावात सिनेगॉग उभं राहत नाही ते या अटीमुळे.

म्हणून समाजाची संघटित बाजू मांडली गेली ती मुंबईतून, आणि बरीचशी मराठीतून. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्याला हवं होतं धर्मांतर, समाजाने घेतली भाषा. विसरलेली हिब्रू त्यांनी मराठीच्या आधाराने परत शिकून घेतली आणि धर्म काही सोडला नाही. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी समाजासाठी शाळा काढली. १८८० च्या सुमारास तर मोशे, अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं मराठी कीर्तनांतून रंगू लागली. साक्या, दिंड्या, आर्या सगळं त्यात आलं. शेजारच्या हरिदासाचा थाट पाहून आपल्या प्रेषिताची कथा तशीच सांगावीशी वाटणं, हा मला दोन धर्मांतला सर्वांत सुंदर व्यवहार वाटतो. १९१७ पासून बेने इस्राएल कॉन्फरन्स भरू लागली, लवकरच तिच्या जोडीला ऑल इंडिया इस्राएलाइट लीगही आली. १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. मूठभर समाजाच्या माणसाला हे पद मिळतं ते आपल्या मतांवर नाही, शेजाऱ्यांच्या विश्वासावर.

नागपूरचा पट्टा या इतिहासात येतो तो इथे, आणि येतो वादाच्या रूपाने.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत सिनेगॉगं जाळली, ज्यूंची दुकानं फोडली. त्यानंतर दहा-बारा दिवसांत, २० नोव्हेंबरला, वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजींनी ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला. तो ‘हरिजन’मध्ये छापून आला. सेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम, नागपूरहून गाडीने दीड-दोन तास. बापू कुटीतली शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, बसून लिहायचं ठेंगणं मेज पाहताना दर वेळी मला तो लेख आठवतो. माझी सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे, असं त्यांनी लिहिलं. ज्यू हे ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य आहेत, ही तुलना त्यांनी केली. पॅलेस्टाइन मात्र अरबांचं आहे, तिथे ज्यूंनी अरबांच्या सद्भावनेनेच जावं, असंही म्हटलं, आणि जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. या शेवटच्या सल्ल्याने जगभरचे ज्यू दुखावले. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून गांधीजींना लांबलचक पत्र लिहिलं. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या सत्याग्रहींसाठी अकराशे एकरांची शेतजमीन देणारे जुने ज्यू मित्र हर्मन कॅलनबाख १९३७ मध्ये आणि पुन्हा १९३९ मध्ये त्यांना भेटायला आले. मुंबईच्या ‘ज्युइश अ‍ॅडव्होकेट’ या पत्राचे संपादक ए. ई. शोहेत हेही १९३९ मध्ये गांधीजींना भेटून ज्यूंचं म्हणणं सांगून गेले. मला गांधीजींचा सल्ला चूक वाटतो. ज्या राज्यसत्तेला माणूस मारण्याची लाजच उरलेली नाही, तिच्यापुढे सत्याग्रह कुणाचं मन वळवणार? पण ज्यूंचं दुःख आपल्याकडच्या अस्पृश्यतेच्या शेजारी ठेवण्याची नजर खरी होती.

१९३९ मध्येच नागपुरात छापलेल्या, पुढे संघाचे सरसंघचालक झालेल्या माधव सदाशिव गोळवलकर यांच्या नावावरच्या पुस्तकात याच घटनांचा अगदी उलटा अर्थ लावला गेला. वंश आणि संस्कृती शुद्ध राखायला जर्मनीने ज्यूंना हाकललं, यात हिंदुस्थानने शिकण्यासारखा धडा आहे, असं त्यात होतं. आपल्या जुन्या भूमीत राष्ट्र उभारू पाहणाऱ्या ज्यूंबद्दल त्याच पुस्तकात कौतुकही होतं. २००६ मध्ये संघाने या पुस्तकाशी संबंध नाकारला आणि पुढच्या पिढ्यांत तर इस्राएलबद्दलचं कौतुकच वाढलं. तरीही ते वाक्य आपल्या शहरात छापलं गेलं, हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. ते लिहिलं गेलं तेव्हा नागपूरहून रेल्वेच्या एका रात्रीवर, मुंबईत, मराठी बोलणारे ज्यू आपापल्या नोकरीधंद्याला जात होते.

तिसरं उत्तर डॉ. आंबेडकरांचं. जुलै १९४२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनडातल्या एका परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी म्हटलं, की नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांत विचारानेही फरक नाही आणि परिणामानेही नाही. गांधीजींची तुलना करुणेतून आली होती. बाबासाहेबांनी तिला आरोपपत्राची धार दिली. सुमारे चार वर्षांत या एवढ्याशा पट्ट्यात वावरणाऱ्या तीन माणसांनी ज्यूंच्या छळाकडे तीन प्रकारे पाहिलं, आणि तिघांच्याही मनात प्रश्न खरा भारताचाच होता. ज्यू इथे दाखला म्हणून आले, शेजारी म्हणून नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी थोडक्यात सांगतो. भारताने १७ सप्टेंबर १९५० ला इस्राएलला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडला. तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव यांचं कायद्याचं शिक्षण नागपुरातलं, आणि १९८४ व १९८९ मध्ये ते निवडून आले ते शेजारच्या रामटेकमधून. मधल्या काळात बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथेही त्यांना बाजू मांडावीच लागली. १९६० च्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबाबत पूर्वजांची तपासणी लावली. कोकणात ज्यांना कुणी ज्यू असल्याचा पुरावा मागितला नव्हता, त्यांना तो ज्यूंच्याच देशात मागितला गेला. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. बीरशेबा, दिमोना, अश्दोद इथे आजही मराठी ऐकू येते, आणि ‘मायबोली’ नावाचं त्यांचं मराठी नियतकालिक तिकडून निघत आलं आहे.

इथे उरले अवघे चार-पाच हजार. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत नरिमन हाउसमध्ये ज्यू म्हणून माणसं मारली गेली, तेव्हा मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाच्या मुस्लिम विश्वस्तांनी हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली. आंतरधर्मीय सलोख्याच्या परिषदा पुष्कळ होतात. तीन हात जमीन नाकारणाऱ्या त्या निर्णयाचं मोल मला त्या सगळ्यांहून मोठं वाटतं.

जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी सरकारी अर्जावर धर्माच्या रकान्यात त्यांच्या वाट्याला ‘इतर’ हा एकच शब्द येई. नोंदणी, दाखले, शाळा-संस्था चालवणं या कामांत या मान्यतेचा उपयोग होतो. मागणी समाजाची जुनी होती, आणि मताच्या हिशेबात तिचं वजन शून्य होतं. ती मान्य झाली ती शेजारी हीच ओळख पुढे ठेवून.

नागपुरात नोकरीनिमित्त आलेल्या बेने इस्राएल कुटुंबाला योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाला सिनेगॉग हवं असेल, तर आजही मुंबईची किंवा पुण्याची रात्रीची गाडी धरावी लागते. शुक्रवारची गोष्ट निराळी. बेने इस्राएल घरांत शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या सब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुकांचं सरबत चालतं. मनुका पाण्यात भिजवायच्या, हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. सूर्य मावळायच्या आत दिवा लावून त्या पेल्यावर आशीर्वाद म्हणायचा. त्याला दहा जण लागत नाहीत, आणि मनुका इतवारीत कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.