पालथी झालेली यॉट सरळ होते, काहील का होत नाही?

२१ सप्टेंबर २०१८. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात होते. ऑस्ट्रेलियातलं पर्थ तिथून साधारण साडेतीन हजार किलोमीटर दूर. वादळात त्यांची ‘थुरिया’ ही ३२ फुटी यॉट, म्हणजे शिडाची होडी, पालथी झाली, डोलकाठी मोडली आणि पाठीला असा मार बसला की त्यांना उठता येईना. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं. मधले तीन दिवस जागचा हलू न शकणारा माणूस त्या होडीत जिवंत राहिला, कारण पालथी झालेली होडी आपली आपण सरळ झाली होती.

कृष्णाकाठी असं घडत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि जीव गेले. बोटी दोन्ही, पण तोल सांभाळायची रीत वेगळी. ती समजायला गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, बरी, कारण पूर आला की आपल्याकडे तीही पाण्यात उतरते.

काहिलीचा व्यास अडीच मीटर, खोली ४५ सेंटिमीटर आणि वजन अडीचशे किलो धरा. हिशेब सोपा व्हावा म्हणून कड सरळ उभी आहे असं समजू. साठ किलोची दहा माणसं बसली की एकूण ८५० किलो झाले. तेवढं पाणी बाजूला सारायला काहील १७ सेंटिमीटर बुडते, २८ सेंटिमीटर कड कोरडी राहते. एका माणसामागे ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली जाते, म्हणून ‘अजून दोघं बसतील की’ असं वाटतं. घात होतो तो इथे. मध्यापासून कड सव्वा मीटरवर. ती पाण्याला टेकायला १३ अंशांचा कल पुरतो. दहातली सहा माणसं मीटरभर एकाच बाजूला सरकली की तेवढा कल येतो. मग आत शिरलेलं पाणी खालच्या अंगाला धावतं, कल आणखी वाढतो, आणि सावरायला कुणाला वेळच मिळत नाही.

काहिलीला स्थिर ठेवते ती तिची रुंदी. कललेल्या बाजूला जास्त भाग बुडतो, तिथे पाण्याचा वर ढकलणारा रेटा वाढतो आणि ती परत सपाट होते. पण एकदा उलटली की हीच रुंदी तिला पालथीच धरून ठेवते.

यॉटचा भरवसा वजनावर. तळाखालच्या कण्यात शिसं किंवा लोखंड असतं. एकूण वजनाचा तिसरा हिस्सा, बरेचदा त्याहून जास्त. वरून डेक बंद, त्यामुळे दारं लावलेली असली तर पाणी फारसं आत येत नाही. पालथी झाली की तो जड कणा आकाशाकडे होतो आणि पुढच्या लाटेने जरा कलंडवलं की खाली येऊन होडीला उभं करतो.

मुळात ती पालथी का होते? नुसत्या उंच लाटेवर होडी चढते आणि उतरते. आडव्या अंगावर फुटणारी लाट मात्र तिला लोळवते. ठोकताळा असा, की फुटणारी लाट होडीच्या लांबीच्या ३० टक्के उंच असेल तर धोका, ६० टक्के असेल तर जवळपास कुठलीच होडी टिकत नाही. ३२ फुटी यॉटसाठी ही उंची अनुक्रमे दहा आणि एकोणीस फूट.

सरळ झाल्यावर खरी परीक्षा डोलकाठीची. मोडलेली काठी तारांना लोंबकळत राहते आणि प्रत्येक लाटेला होडीच्या अंगावर घणासारखी आपटते. बोल्ट कटरने तारा तोडून ती सोडून द्यायची असते, नाहीतर भोक पडतं. टॉमींना उठताच येत नव्हतं. मॉरिशसहून गेलेल्या नौदलाच्या विमानाला ती काठी होडीच्या बाजूला लोंबतानाच दिसली. काठी गेल्यावर होडी हेलकावेही झटक्याने खाते, कारण उंचावरचं ते वजन डुलणं मंद ठेवत असतं.

विमान आणि जहाज नेमकं पोचतं ते बीकनमुळे, म्हणजे संकटाचा इशारा पाठवणाऱ्या यंत्रामुळे. ४०६ मेगाहर्ट्झवर तो आपला ठरलेला क्रमांक उपग्रहाला पाठवतो आणि जवळ आलेल्यांना माग काढता यावा म्हणून १२१.५ वर वेगळा सूर सोडतो. बॅटरी किमान ४८ तास चालते. तेवढा वेळ होडी तरंगत राहिली पाहिजे, म्हणून होडी सोडायची घाई करायची नाही. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळात २४ यॉट सोडून दिल्या गेल्या. त्यातल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या.

आपल्या पुरात दिवसांची सवलत मिळत नाही, सगळी काळजी उलटण्याआधीच घ्यावी लागते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पाण्यात कुंपणाच्या तारा, विजेचे खांब, उसाचे शेंडे बोटीखालीच असतात. घराशी बोट लावताना तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवावं, म्हणजे इंजिनाच्या जोरावर ती जागीच धरता येते. लाइफ जॅकेटचा पट्टा मांड्यांमधूनही आवळलेला हवा. नाहीतर माणूस खाली राहतो आणि जॅकेट डोक्यावरून निघतं. सगळ्यांनी तळाशी बसायचं. बोट उलटलीच तर तिला वरच्या अंगाने, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूने धरायचं, कारण खालच्या अंगाला असलेला माणूस बोट आणि झाड यांच्यामध्ये चिरडतो.

सर्वांत धोक्याचा क्षण काठ लागतानाचा. जमीन दिसली की सगळे एकदम उठतात आणि एकाच बाजूला जातात. काहिलीच्या हिशेबातली सहा माणसं हीच. पुढच्याने उतरून दोर धरायचा, मागच्यांनी आपलं नाव घेईपर्यंत बसून राहायचं.