समुद्राचं पाणी घरच्या टाकीत: कुठलं आणि कधीचं?

रत्नागिरीत खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: समुद्र दाराशी असताना मिठाची पाकिटं विकत कशाला आणायची? प्रश्न रास्त आहे. पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात विरघळवून आपण शेवटी समुद्राचीच नक्कल करतो. मग अस्सल पाणी का वापरू नये? जरूर वापरावं. फक्त ते कुठून आणि कधी भरलं, यावर टाकीतल्या जिवांचं जगणं अवलंबून असतं.

आधी क्षारांचं बघू. खुल्या समुद्राच्या २० लिटरच्या कॅनमध्ये साधारण ७०० ग्रॅम क्षार असतात. बहुतेक भाग सोडियम आणि क्लोराइडचा. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम. जगभरच्या समुद्रांत या घटकांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सारखंच असतं, असं रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये मांडलं. पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजानं जगाची सफर करून पाणी गोळा केलं. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी त्यातले ७७ नमुने तपासले आणि मार्सेट यांचं म्हणणं पक्कं ठरलं. खारेपणा कमीजास्त होतो, प्रमाण मात्र टिकतं. म्हणजे प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ज्या प्रमाणात लागतं, त्याच प्रमाणात ते कोकणच्या पाण्यातही आहे. त्या बाबतीत आपला समुद्र कुठंच उणा नाही.

फरक पडतो तो मिठासोबत येणाऱ्या गोष्टींनी. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. तिथं ओहोटीला भरलेलं पाणी अर्धं खाडीचं, गाळ मिसळलेलं. मिरकरवाडा बंदरात डिझेलचा तवंग आणि मासळीची घाण. त्यापेक्षा गणेशगुळ्यासारखा मोकळा किनारा निवडावा आणि भरती पुरी व्हायला तासभर उरला असताना पाणी भरावं. त्या वेळी बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो, तळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला पाणी जास्त निवळलेलं मिळतं. मच्छीमारांना हे सांगावं लागत नाही. तिथीवरून पाण्याचा रंग ओळखणारी माणसं आहेत ती. किनाऱ्यावर एखादा ओळखीचा असेल तर आधी त्याला विचारावं.

पावसाळ्यात मात्र किनाऱ्याचं पाणी नकोच. नद्यांच्या लोंढ्यानं खारेपणा घसरतो आणि लाल माती दूरवर पसरते. पाऊस ओसरताना खोलवरचं थंड, कमी ऑक्सिजनचं पण पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर आलेलं असतं. ते टाकीत ओतलं की काचेवर शेवाळ चढतंच. डिसेंबरपासून पाणी चांगलं मिळू लागतं.

त्या चांगल्या दिवसांतही एक पाहुणा येतो, नॉक्टिल्युका. रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक मोबाइल घेऊन किनाऱ्यावर धावतात, तो हाच एकपेशीय जीव. मिलिमीटरभर आकाराचा, नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखा दिसणारा. तरंगत राहण्यासाठी तो आपल्या पेशीत अमोनियम साठवतो. कॅनमध्ये असे हजारो जीव मेले तर तो सगळा साठा पाण्यात उतरतो. म्हणून पाणी भरल्यावर कॅन अंधारात नेऊन हलवून बघावा. निळ्या ठिणग्या उठल्या तर ते पाणी तिथंच समुद्रात परत ओतावं. मार्च ते मे या महिन्यांत पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे दिसले, तरी त्या दिवशी रिकाम्या हातानं परतावं. ते ट्रायकोडेस्मियम या समुद्रातल्या सूक्ष्म जिवाणूंचं पीक असतं.

निवळशंख दिसणारं पाणीही जिवंतच असतं. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या घरात जिवाणू असतात, शिवाय प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. बंद कॅनमध्ये प्लवक मरतात, जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात, ऑक्सिजन संपतो आणि अमोनिया वाढतो. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असल्यामुळं अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथं जास्त असतो. अनेकांची टाकी नेमकी इथं बिघडते आणि दोष समुद्राला दिला जातो. उपाय साधा आहे. आरओच्या आधी बसवतात तसल्या ५ मायक्रॉनच्या सेडिमेंट फिल्टरमधून पाणी गाळायचं आणि दोन आठवडे अंधारात ठेवायचं. या काळात एअर पंप चालू ठेवला तर उत्तमच. मग तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी नळीनं काढून घ्यायचं आणि अमोनियाची चाचणी करायची. क्लोरीन घालून निर्जंतुक करणारेही आहेत, पण नंतर थायोसल्फेटनं ते पुरतं काढल्याची खात्री चाचणीनं करावी लागते. घरच्या टाकीला अंधारातली साठवणच बरी, असं माझं मत.

भांडं प्लॅस्टिकचंच हवं, खाद्यपदार्थांसाठीचं. पिण्याचं पाणी आपण हौसेनं तांब्याच्या हंड्यात भरतो, पण या पाण्याला तांब्या-पितळेचा स्पर्शही नको, पंपाच्या तोटीचासुद्धा. माशांच्या अंगावरच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात, मासे ते सोसतात. त्याच मात्रेत टाकीतली कोळंबी आणि प्रवाळ मरतात.

मुंबईकरांनी मात्र पाकिटच आणावं. वरळी आणि वांद्र्याहून शहराचं सांडपाणी समुद्रात सोडलं जातं, मिठी नदी माहीमला काय घेऊन येते तेही सगळ्यांना ठाऊक आहे. गाळणीनं गाळ अडतो, त्यात विरघळलेलं काही अडत नाही.

पाणी वापरण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरनं खारेपणा मोजावा. लिटरला २८ ग्रॅम आला आणि ३५ हवा असेल, तर २० लिटरच्या कॅनला १४० ग्रॅम कमी पडतात. ते मत्स्यालयाच्या पाकिटातल्या मिठानं भरून काढावेत. स्वयंपाकघरातल्या मिठात मॅग्नेशियम-कॅल्शियमची ती जोड नसते. २०० लिटरच्या टाकीत पंधरवड्याला २० लिटर पाणी बदलायचं, तर जून ते सप्टेंबरला आठ-नऊ कॅन पुरतात. कोकणात मिरच्या आणि सुक्या मासळीची बेगमी होते त्याच सुमारास हे कॅनही भरून, गाळून, झाकून ठेवावेत. वापरायच्या आदल्या दिवशी त्यात एअर पंप सोडावा आणि तापमान टाकीच्या बरोबरीला आलं की मगच पाणी बदलावं.