वायर नसलेला पेसमेकर आणि पडद्यावरची भिंत

पेसमेकर म्हटलं की सोलापुरात अजूनही डोळ्यांसमोर येते ती गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेली डबी आणि शिरेतून हृदयात गेलेली वायर. बसवल्यावर काही आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. यंत्रमागावर उभं राहणाऱ्याला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्याला हे पथ्य किती जड जातं, ते त्याच्या घरच्यांना विचारा. पुढे वायर तुटणं, जागेवरून सरकणं, डबीच्या खिशात जंतुसंसर्ग होणं, अशा तक्रारीही त्या डबी-वायरच्याच.

सगळं शरीराच्या आत असलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये बसला. यंत्र रूने एल्मक्विस्ट यांचं, शस्त्रक्रिया आके सेनिंग यांची, रुग्ण आर्ने लार्सन. छाती उघडून वायरी थेट हृदयाला जोडल्या होत्या. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं, पण लार्सन पुढे यंत्रं बदलत बदलत २००१ पर्यंत जगले. वायरच नको, सगळं यंत्रच हृदयात ठेवू, हा विचारही जुना आहे. १९७० साली स्पिकलर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर तसा प्रयोग केला. माणसाच्या हृदयात असं यंत्र बसायला मात्र २०१२ उजाडलं. २०१३ च्या अखेरीस ऑस्ट्रियात ‘मायक्रा’ या वायर नसलेल्या पेसमेकरचा पहिला रुग्ण झाला आणि २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. वजन सुमारे दोन ग्रॅम, लांबी २६ मिलिमीटरच्या आसपास.

यंत्र लहान झाल्याचं कौतुक सगळीकडे होतं. मला त्याहून मोठी वाटते ती पाहण्याच्या तंत्रातली प्रगती, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

हे यंत्र जांघेतल्या शिरेतून, जाड नळीतून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेतात. त्या कप्प्याची बाहेरची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. तिथे जोर पडला तर भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकतं. दोन कप्प्यांमधला पडदा त्या मानाने जाड आणि भरवशाचा. सुरुवातीच्या काळात हृदयाच्या टोकाकडे यंत्र बसवण्याकडे कल होता. अनुभव आला तसा तो पडद्याच्या मधल्या भागाकडे सरकला.

पण क्ष-किरणांच्या सपाट चित्रात समोर काय आणि मागे काय, हे एका बाजूने पाहून कळत नाही. म्हणून कॅथलॅबमध्ये, म्हणजे हे काम जिथे करतात त्या खोलीत, क्ष-किरण यंत्राचा हात फिरवून दोन कोनांतून पाहतात. उजव्या तिरप्या कोनातून आपण टोकाच्या किती जवळ आहोत ते कळतं, डाव्या तिरप्या कोनातून नळीचं तोंड पडद्याकडे आहे की बाहेरच्या भिंतीकडे, ते कळतं. मग नळीतून थोडं कॉन्ट्रास्ट, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारं औषध, सोडतात. काळा ढग क्षणभर पसरतो, आतल्या स्नायूंच्या खाचा उमटतात आणि तोंड भिंतीला नीट टेकलंय का ते दिसतं. त्यानंतरच मायक्राचे निटिनॉल या लवचीक धातूचे चार आकडे (हुक) स्नायूत सोडायचे. लगेच यंत्राला जोडलेला दोरा हलकेच ओढून, चित्र मोठं करून पाहतात: चारांपैकी निदान दोन आकडे पक्के धरलेले हवेत. विजेची मोजमापं जुळली की दोरा कापतात. तोवर यंत्र परत नळीत ओढून घेता येतं, नंतर काढणं अवघड होत जातं. सगळी घाई टाळायची ती इथेच.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मायक्राच्या अभ्यासात ७२५ पैकी ७१९ रुग्णांत यंत्र बसवण्यात यश आलं. हृदयाला भोक पडण्याचा किंवा भोवती रक्त साचण्याचा प्रकार १.६ टक्के रुग्णांत घडला.

या कामात सोनोग्राफीचीही मदत होते. जांघेतली शीर टोचताना ती वापरली की शेजारची धमनी चुकवता येते. काही ठिकाणी हृदयातच सोनोग्राफीची नळी नेऊन पडदा थेट पाहतात. एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली, त्याचीच ही पुढची पायरी.

आपल्याकडे अडतं ते बहुतेकदा पैशापाशी, कारण वायर नसलेला पेसमेकर काही लाखांच्या घरात जातो. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून सोलापुरात दाखवायला येणाऱ्यांनी हा पर्याय पुढे आल्यावर किमतीबरोबर दोन प्रश्न जरूर विचारावेत: यंत्र नेमकं कुठे बसवणार, आणि बसवल्यावर हृदयाभोवती रक्त साचलं नाही ना हे पाहायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी करणार?