हब बोअर न जुळणारी मॅगव्हील्स

गाडीच्या चाकाला मधोमध जे मोठं गोल भोक असतं, ज्यावर वरून लोगोवाली टोपी बसते, त्याला सेंटर बोअर किंवा हब बोअर म्हणतात. हे भोक हबच्या, म्हणजे गाडीच्या बाजूला ज्यावर चाक बसतं त्या फिरणाऱ्या भागाच्या, पुढे आलेल्या गोल कडेवर नेमकं बसायला हवं, म्हणजे चाक आपोआप मधोमध येतं. भोक त्या कडेपेक्षा मोठं किंवा लहान असेल तर बोअर जुळत नाही असं म्हणायचं. मॅगव्हील, म्हणजे बाहेरचं अलॉयचं चाक, घ्यायला गेलं की सगळे आधी पीसीडी विचारतात, म्हणजे नटांची भोकं किती आणि ती किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर, ४ बाय १०० का ५ बाय ११४.३, मग किती इंची, मग डिझाइन आणि रंग यावर अर्धा तास जातो, पण बोअर कोणी विचारत नाही कारण नट लागले की चाक बसलं असंच सगळे धरून चालतात.

प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. स्विफ्ट आणि आय२० चं ५४.१ मिमी, होंडा सिटीचं ५६.१, आपल्याकडच्या पोलोचं ५७.१, पुंटो आणि लिनियाचं ५८.१, इनोव्हाचं ६०.१, क्रेटाचं ६७.१ आणि बऱ्याच बीएमडब्ल्यूंचं ७२.६. बाहेरची चाकं बनवणाऱ्याला एवढ्या मापांची वेगळी चाकं परवडत नाहीत म्हणून तो सरळ मोठं बोअर ठेवतो, बहुतेक वेळा ६७.१ किंवा ७३.१, म्हणजे एकच डिझाइन दहा गाड्यांना लागतं. आता ७३.१ चं चाक स्विफ्टला लावलं तर चारी बाजूंनी साडेनऊ मिमी मोकळी जागा राहते, पेन्सिल आरामात आत जाईल एवढी. टोपी लावली की ते दिसत नाही, हाच सगळा घोळ.

मग चाक मधोमध राहतं कशावर? फक्त नटांवर. नटाचं तोंड शंकूसारखं तिरकं असतं, ते चाकाच्या तिरक्या खाचेत शिरताना चाकाला ओढून मध्यावर आणतं. या प्रकाराला लग सेंट्रिक म्हणतात, आणि ही पद्धत चुकीची आहे असं अजिबात नाही, गाडी जॅकवर असताना सगळे नट आधी हाताने फिरवून, समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं तर चाक बऱ्यापैकी नीट बसतं. पण आपल्याकडे टायरवाल्याकडे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पोरगा एका हाताने चाक टेकवतो, पहिलाच नट इम्पॅक्ट गनने टर्रर्र करून पूर्ण आवळतो आणि मग बाकीचे. चाक त्या पहिल्या नटाच्या बाजूला सरकलेलं असतं ते तिथेच राहतं.

किती सरकतं? अर्धा मिमी धरू. १९५/५५ आर १६ मापाचा टायर आणि १६ इंची चाक मिळून १६ किलो धरले तर अर्धा मिमी सरकणं म्हणजे रिमच्या कडेला ४० ग्रॅमचं शिसं एकाच बाजूला चिकटवल्यासारखं आहे. ताशी १०० ला हे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं, आणि दर फेरीला साडेसहा किलोच्या आसपासचा झटका हबला बसतो. ५० च्या स्पीडला तोच झटका चौथा हिस्सा, म्हणून गावात गाडी एकदम मख्खन वाटते आणि एक्स्प्रेसवेला ८०-९० ओलांडलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं. मागच्या चाकांत असेल तर स्टिअरिंगला कळत नाही, सीटखाली जाणवतं.

आता खरी गंमत. थरथर सुरू झाली की माणूस बॅलन्सिंगला जातो, आणि मशीन सांगतं शून्य-शून्य, सगळं ओके. कारण मशीनवर चाक पकडतात ते मधल्या बोअरमध्ये शंकूच्या आकाराचा तुकडा (कोन) घालून, म्हणजे मशीनला चाक अगदी मध्यावर मिळतं. गाडीवर मात्र तेच चाक नटांनी पकडलेलं असतं आणि मध्य हललेला असतो. मशीन खोटं बोलत नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय. मी स्वतः एका सेकंडहँड १६ इंची सेटवर तीनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट, टायर बदलायचाही सल्ला मिळाला, आणि शेवटी टोपी काढून आत बोट घातलं तेव्हा कळलं की रिंगच नाहीये.

रिंग म्हणजे स्पिगॉट रिंग किंवा हब रिंग, बाहेरून ७३.१ आतून ५४.१ असा साधा कडा, जो ती मोकळी जागा भरतो. पुण्यात नाना पेठेत नाहीतर मुंबईत कुर्ल्याला विचारलं तर मिळतात, पण दोन्ही मापं व्हर्नियर कॅलिपरने मोजून न्यायची, टेपने मोजून अर्धा मिमी कळत नाही. प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या अशा दोन येतात. घाटात सतत ब्रेक दाबून हब तापला की हलक्या प्लास्टिकची रिंग मऊ पडते, ॲल्युमिनियमची टिकते पण लोखंडी हबवर गंजून चिकटते, त्यात समुद्राजवळची हवा असली की विचारू नका.

रिंगवर गाडीचं वजन असतं अशी एक समजूत आहे. चांगल्या आवळलेल्या चाकात वजन पेलते ती हबची सपाट बाजू आणि चाक यांच्यातली पकड. १२ मिमीचा स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा ज्यावर नट बसतो, होंडाने सांगितलेल्या १०८ न्यूटन मीटर जोराने आवळला तर एकेक नट चाकाला साधारण साडेचार टनांनी दाबून धरतो. म्हणजे रिंगचं काम चाक लावताना मध्य पकडून देण्याचं, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीच ती घ्यायची, कारण वर सांगितलेली नीट पद्धत आपल्या गैरहजेरीत कोणी पाळणार नाही. पोलोसारख्या गाड्यांना स्टड नसतात, चाक हबवर धरून बोल्ट लावायचे असतात, तिथे तर रिंगशिवाय चाक टांगायलाच काही नाही.

उलट प्रकार, म्हणजे बोअर लहान, हा जास्त धोक्याचा. स्विफ्टचं चाक सिटीला लावायला गेलं तर पीसीडी तोच ४ बाय १००, पण भोक दोन मिमीने कमी. चाक त्या कडेवर अडकून राहतं, मागे फट राहते, आणि गन मारली की नट ते ओढून घेतात असं वाटतं. खरं तर सपाट बाजू टेकलेलीच नसते, सगळा भार स्टडवर येतो, नट सैल होत जातात आणि शेवटी स्टड तुटतो किंवा चाकाला तडा जातो. ओळखायचं सोपं आहे: नट न लावता चाक हाताने दाबायचं, मागच्या फटीत कागद सरकला तर ते चाक त्या गाडीचं नाही.

यावर उपाय लेथवर बोअर मोठं करून घेणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर भोसरीत हे काम लेथवाल्याला काहीच नाही, फक्त चाक चार जॉच्या चकमध्ये धरून, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) लावून मूळ बोअरचा मध्य पकडायला सांगायचं आणि आतल्या तोंडाची तिरकी कड परत मारून घ्यायची. ग्राइंडर किंवा कानस घेऊन बसणाऱ्याकडून चाक हिसकावून घ्या. आणि पीसीडीच वेगळा असेल, लिनियाच्या ४ बाय ९८ ला ४ बाय १०० चं चाक 'थोडं ओढून' लावणं वगैरे, तर त्यावर बोअरचं कुठलंही काम लागू नाही, ते चाक परत करायचं.

नटाचं तोंडही तपासायचं. होंडाचे कंपनीचे नट गोल तोंडाचे, बाहेरच्या मॅगला बहुतेक तिरकं तोंड लागतं. सुझुकीच्या आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी, होंडा-टोयोटाची १.५, चुकीचा नट दोन आटे जातो आणि मग गनने आटे खाऊन टाकतो. लावून झाल्यावर ५०-१०० किमी चालवून टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलंय ते दाखवणाऱ्या पान्याने, पुन्हा बघायचं.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. स्टेपनी कंपनीचीच राहते, ५४.१ बोअरचं साधं लोखंडी चाक, ज्याला डिस्क म्हणतात. खंबाटकी घाटात रात्री पंक्चर झालं, मॅगव्हील काढलं तर ॲल्युमिनियमची रिंग हबलाच चिकटून राहिलेली, आणि तिच्यावर स्टेपनी बसेचना. मोबाइलच्या उजेडात स्क्रूड्रायव्हर आणि दगडाने ती रिंग सोडवायला पाऊण तास गेला. आता रिंगला आतून-बाहेरून ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवतो, सपाट बाजूला आणि आट्यांना मात्र अजिबात नाही, आणि मॅगला वेगळे नट असल्यामुळे डिस्कचे जुने चार नट स्टेपनीच्या खड्ड्यात पिशवीत बांधून ठेवलेत.