लिम्फोसाइट ४६ टक्के, म्हणजे वाढले का?

रक्ततपासणीच्या (सीबीसी) रिपोर्टातलं हिमोग्लोबिन सगळ्यांना कळतं. बाईचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ‘रक्त कमी’. प्लेटलेट डेंग्यूने घरोघरी पोचवल्या; दीड लाखाच्या खाली आल्या की माणसं पपईच्या पानांच्या शोधात निघतात. एका लॅबच्या कागदावर २५० आणि दुसरीच्या कागदावर २,५०,००० दिसलं तरी आकडा तोच, फक्त पहिलीने हजारांत छापलाय.

घोळ होतो तो पांढऱ्या पेशींच्या खालच्या पाच ओळींत. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल, हे पांढऱ्या पेशींचेच पाच प्रकार. आधी टक्क्यांत, आणि बऱ्याच रिपोर्टांत खाली ‘अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणून पुन्हा, म्हणजे प्रत्यक्ष पेशी किती ते. लोक वरचंच वाचतात, ठळक अक्षर दिसलं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. परवा आत्याने टाकला: लिम्फोसाइट ४६, रेंज २० ते ४०, शेजारी ‘एच’, म्हणजे ‘हाय’, जास्त. पाठोपाठ फोन, “अरे, काही वाईट तर नसेल ना?”

तिच्या एकूण पांढऱ्या पेशी होत्या ५,०००. त्यातले ४६ टक्के म्हणजे २,३००. मोठ्या माणसात १,००० ते ३,००० चालतात. वाढलं काहीच नव्हतं.

टक्का म्हणजे वाटा, आणि पाचही वाटे मिळून १०० च भरणार. पंगतीतून तरुण पोरं उठून गेली की म्हाताऱ्यांचा टक्का वाढतो. नवा म्हातारा एकही आलेला नसतो. आत्याचे न्यूट्रोफिल ४४ टक्के, म्हणजे २,२००, रेंजमध्येच पण खालच्या अंगाला. म्हणून लिम्फोसाइटचा वाटा फुगलेला दिसला.

उलटा प्रकार जास्त वाईट, कारण तिथे ठळक अक्षर येतच नाही. एकूण पेशी १४,००० आणि इओसिनोफिल ६ टक्के. रेंज १ ते ६, म्हणजे टक्का निमूट आत बसला. पण प्रत्यक्षात ते ८४० झाले, ५०० च्या मर्यादेच्या बरेच वर. किंवा एकूण २,००० आणि न्यूट्रोफिल ४५ टक्के: टक्का अगदी शहाण्यासारखा, पेशी मात्र ९००, म्हणजे कमीच. सोबत ताप असेल तर ग्रुपवर फोटो टाकत बसू नका, डॉक्टर गाठा. केमोथेरपी चालू असलेल्यांचे डॉक्टर हाच आकडा बघतात, टक्का नाही.

रिपोर्टात अ‍ॅब्सोल्यूटच्या ओळी नसतील तर एकूण पेशींना टक्क्याने गुणा आणि १०० ने भागा. माझ्या मते टक्क्यांचा तक्ता छापूच नये, पण माझं कोण ऐकतंय!

लहान मुलांचं गणित वेगळं. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइटच न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात. दोन वर्षांच्या पोराच्या ५५ टक्क्यांपुढे मोठ्यांची रेंज छापून आईबापांची झोप उडवणाऱ्या लॅबवाल्यांवर माझा वेगळा राग आहे.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “मग ते एच कशाला छापलंय?”

यंत्र एकेक ओळ सुटी वाचतं, आत्या. आणि रेंज म्हणजे निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे. धडधाकट शंभरांतले पाच जण तसेही बाहेरच पडतात.

“बरं,” म्हणाली, “पण इओसिनोफिल किती आले माझे?”