रघुराजपूर

ओडिशाच्या पुरी जिल्ह्यात भार्गवी नदीकाठी वसलेले चित्रकारांचे व नर्तकांचे ओडियाभाषक गाव. पुरीहून भुवनेश्वरकडे जाताना चंदनपूरपाशी महामार्ग सोडला की नारळ, ताड, आंबा, फणस यांच्या दाटीतून रस्ता गावात शिरतो. समोरासमोर तोंडे केलेल्या घरांच्या रांगा आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात लहान-लहान देवळे, अशी गावाची रचना आहे. भुआसुणी ही ग्रामदेवता.

गावाचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या जगन्नाथाभोवती फिरत आले. ज्येष्ठी पौर्णिमेच्या स्नानानंतर देव आजारी पडतात, सुमारे १५ दिवस त्यांचे दर्शन बंद असते. या ‘अणसर’ काळात मूर्तींच्या जागी कापडावर रंगवलेले पट पूजले जातात. यात्रेकरू घरी नेत ते लहान पटही याच परंपरेतले.

पट तयार करणे हे रंगवण्याइतकेच कष्टाचे. सुती कापडाचे दोन थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवतात, त्यावर खळीत कालवलेली खडूची पूड चढवतात, आणि वाळल्यावर आधी खरबरीत, मग गुळगुळीत दगडाने घोटतात. शंखाच्या पुडीपासून पांढरा, दिव्याच्या काजळीपासून काळा, हिंगुळापासून तांबडा, हरताळापासून पिवळा रंग मिळतो. रंग बांधायला कवठाचा डिंक लागतो. घोटण्याची, खळ शिजवण्याची कामे बहुधा घरातल्या बायका करतात. पटावर नाव मात्र क्वचितच त्यांचे येते. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरून त्यात काजळी भरण्याची कलाही इथे आहे. गंजपा हे इथले गोल, रंगीत पत्ते सावंतवाडीची गंजिफा पाहिलेल्या मराठी माणसाला लगेच ओळखीचे वाटतील.

विसाव्या शतकाच्या मध्यास छापील चित्रांपुढे ही कला मागे पडू लागली होती. १९५०च्या दशकात हॅलिना झीली या परदेशी बाईंनी चित्रकारांना पुन्हा कामाला लावले. जगन्नाथ महापात्र हे त्या पिढीतले मोठे नाव. पुढे ‘इंटॅक’ या वारसा-जतन करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने गावाला वारसा-ग्राम म्हणून ओळख मिळाली. भिंती रंगल्या, ओसऱ्यांची दुकाने झाली. आज पाहुण्याला दारादारातून ‘आमचे पट बघा’ म्हणून बोलावणे येते. निवांतपणे काम पाहायचे तर याचा जरा त्रासच होतो, पण पोट त्यावरच चालते. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या ‘फनी’ चक्रीवादळाने घरांचे आणि चित्रांचे मोठे नुकसान केले.

चित्रांइतकेच गाव गोटीपुअ नृत्यासाठी ओळखले जाते. यात मुलगे मुलीच्या वेषात, अंबाडा बांधून नाचतात आणि गातातही. ‘बंध’ प्रकारात शरीर कमानीसारखे वाकवून अवघड रचना करतात. वयात आले की हा नाच सुटतो. मागुणी चरण दास यांनी गावात गुरुकुल चालवून ही परंपरा टिकवली. त्यांना पद्मश्री मिळाली.

ओडिसी या शास्त्रीय नृत्याचे थोर गुरू केलुचरण महापात्र (१९२६–२००४) इथलेच, चित्रकाराच्या घरातले. लहानपणी ते गोटीपुअ नाचले, मर्दळ हे पखवाजासारखे वाद्य वाजवण्यातही पारंगत झाले. गोटीपुअ आणि मंदिरातील माहारींचे (देवदासींचे) नृत्य यांतून आजची ओडिसी उभी करणाऱ्यांत ते अग्रणी होते. २००० साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. संयुक्ता पाणिग्रही त्यांच्या शिष्या. मुंबईत १९८९ मध्ये ‘स्मितालय’ ही नृत्यसंस्था स्थापन करणाऱ्या झेलम परांजपे याही केलुचरणांच्याच शिष्या.