सोनेरी-चंदेरी बॉर्डर स्वतः बनवताय? छापायला देण्याआधी एवढं वाचा

सर्टिफिकेट, पत्रिका नाहीतर फोटोफ्रेमची बॉर्डर आता बरेच ग्राहक घरीच बनवून आणतात आणि आम्हाला ते मनापासून आवडतं, फक्त एक गोष्ट सारखी दिसते, सोनेरी पाहिजे म्हणून सरळ पिवळा रंग भरलेला असतो आणि छापून आल्यावर ती हळदीची पट्टी वाटते.

धातू ओळखू येतो तो रंगावरून कमी आणि उजेड-अंधारावरून जास्त. गुळगुळीत धातूत आजूबाजूचं प्रतिबिंब पडतं त्यामुळे अगदी उजळ भागाला लागूनच एकदम गडद भाग असतो, आणि हाच फरक ग्रेडियंटमध्ये (एका रंगातून दुसऱ्या रंगात सरकत जाणारा पट्टा) आणायचा. सोन्यासाठी गडद तपकिरी (आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे ९०, ६०, १५), मग मधला सोनेरी (१९०, १४०, ४५), मग जवळजवळ पांढरा क्रीम (२५५, २४५, १९५) आणि लगेच परत तपकिरी. क्रीमचा पट्टा अरुंदच ठेवा, रुंद केला की प्लास्टिक दिसतं. चांदीला हेच सगळं राखाडीत, थोडीशी निळी झाक देऊन.

आता फोटोशॉपमध्ये बॉर्डर कशी काढायची. सिलेक्ट मेनूतलं मॉडिफाय-बॉर्डर वापरू नका, त्याच्या कडा मऊ येतात आणि धातूची कड कशी धारदार पाहिजे. त्यापेक्षा नवीन लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) आयत भरा, लेयर स्टाइलमध्ये स्ट्रोक (आकाराच्या कडेने जाणारी पट्टी) घ्या, पोझिशन इनसाइड (आउटसाइड ठेवलं तर कोपरे गोल होतात), फिल टाइप ग्रेडियंट आणि स्टाइल शेप बर्स्ट. खरी गंमत या शेप बर्स्टमध्ये आहे, कारण साधा लिनिअर ग्रेडियंट अख्ख्या चौकटीवर एकाच दिशेने जातो, म्हणजे दोन बाजूंना चमक आणि उरलेल्या दोन बाजू सपाट, पण शेप बर्स्ट कडेला धरून चारही बाजूंनी फिरतो आणि कोपऱ्यात सुताराने तिरका सांधा मारावा तसा ४५ अंशात नीट जुळतो. मग लेयरचा फिल शून्य करा, आतला रंग जाऊन नुसती चौकट उरते. उठाव पाहिजे असेल तर बेव्हल अँड एम्बॉसमध्ये स्ट्रोक एम्बॉस आणि चिझल हार्ड, साइज पट्टीच्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास. पॉलिशऐवजी घासलेल्या स्टीलचा लूक हवा असेल तर राखाडी लेयरवर मोनोक्रोमॅटिक नॉइज टाकून मोशन ब्लर द्या, बस.

हे सगळं फायनल साइजलाच करा. ए-फोर कागद ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो आणि ५ मिलिमीटरची पट्टी साधारण ५९ पिक्सेल. नंतर फ्री ट्रान्सफॉर्मने लेयर मोठा केला तर स्ट्रोकची जाडी आहे तेवढीच राहते आणि मग बॉर्डर बारीक का झाली ते कळत नाही.

आता छपाईचं, आणि हे आधीच ठरवलेलं बरं. सीएमवायके छपाईत चारच शाया (सायन, मजेंटा, पिवळी, काळी) असतात, त्यात चमकीचं चित्र येतं, चमक येत नाही, शिवाय स्क्रीनवरचं झगझगीत सोनेरी कागदावर थोडं मंदच दिसतं. कागद हलवल्यावर खरंच चमकायला पाहिजे असेल तर मेटॅलिक शाई (पॅन्टोन ८७१ सोनेरी, ८७७ चंदेरी) नाहीतर फॉइल (कागदावर दाबून चिकटवलेला पातळ चमकदार थर). फॉइलसाठी मात्र वर सांगितलेलं ग्रेडियंट, बेव्हल काहीच नको, चौकट १०० टक्के काळ्या रंगात, वेगळ्या फाईलमध्ये आणि जमलं तर व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेला आकार), चमक फॉइल स्वतःच आणतं.

आणि बॉर्डर कागदाच्या कडेला अगदी चिकटवू नका, कटिंग १ मिलिमीटर जरी सरकलं तरी एक बाजू जाड एक बारीक दिसते, आत निदान ५ मिलिमीटर सोडा.

फाईल पाठवताना लेयर मर्ज न करता पीएसडीच (फोटोशॉपची मूळ फाईल) पाठवा. जेपीजीत पारदर्शक भाग टिकत नाही, पीएनजीत टिकतो पण लेयर स्टाइल जातात, आणि मग प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघून चमक कमी-जास्त करायची म्हटली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.